पाटीवर ‘माँटेसरी’ लिहिणाऱ्या कोकणातल्या संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांत ‘माँटेसरी’ या नावाने बालवर्ग चालवणारे संस्थाचालक, मुख्याध्यापिका आणि ताई यांस,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी उजाडला की एसटी स्टँडसमोरच्या खांबांवर प्रवेशाचे फलक चढतात. अस्सल माँटेसरी, इंटरनॅशनल माँटेसरी, माँटेसरी प्लस. यंदा फलकावरच्या नंबरांवर फोन करून बऱ्याच पालकांनी एक साधी विनंती केली: वर्ग चालू असताना अर्धा तास बसून पाहायचं आहे. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच आलं. आत सोडता येणार नाही, मुलं विचलित होतात, हवं तर गॅदरिंगचा व्हिडिओ पाठवतो. काही माहितीपत्रकांत तर हा आता छापील नियमच झाला आहे.

हे पत्र त्या नियमामुळे लिहितो आहोत. आम्ही बालशिक्षणाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले आणि लहान मुलांबरोबर काम करणारे काही जण आहोत, सोबत काही पालकही आहेत. ‘ती अमकी माँटेसरी खरी का हो?’ असं पालक आम्हाला विचारतात आणि आम्हाला उत्तर देता येत नाही. बाहेरच्या माणसाला तपासून पाहता येईल असं तुम्ही काही ठेवलेलंच नाही. फी, गणवेश, व्हॅनचा मार्ग आणि हसऱ्या मुलांचे फोटो, एवढ्यावर पालकाने तीन वर्षांच्या मुलाचा निर्णय घ्यायचा.

आधी नावाबद्दल. ‘माँटेसरी’ या शब्दाला कायद्याचं कुलूप नाही. मुलाने साधन स्वतः निवडून, हाताने काम करत शिकावं ही पद्धत घालून देणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालघर उघडलं, १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्था काढली, १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या आणि युद्धामुळे पुढची अनेक वर्षं भारतातच राहून त्यांनी शिक्षक घडवले. तरी आज कोणीही पेंटरकडून हे नाव रंगवून आणू शकतो. कायद्याने तुमचं काही चुकत नाही, म्हणूनच हे पत्र कोणत्या कचेरीला न पाठवता तुम्हाला लिहिलं आहे.

आपल्याकडे या शब्दाला अंगणवाडीपेक्षा महाग, इंग्रजी कवितांची, टाय-बुटांची बालवाडी असा अर्थ चिकटला आहे. हे जास्त खटकतं, कारण कोकण किनाऱ्याला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. विकतची साधनं गावाला परवडत नाहीत म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन त्यांनी साधनं केली. मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना आणि हा शब्द त्या कामातून आला. तुमच्या माहितीपत्रकांत ज्या अंगणवाडीकडे पाहून नाक मुरडलेलं असतं, तीच ही. एखाद्या वाडीतली हुशार अंगणवाडीताई तुमच्यातल्या काही वातानुकूलित वर्गांपेक्षा या पद्धतीच्या जास्त जवळ असते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता तक्रारी.

पहिली बंद दाराची. या पद्धतीचा पायाच निरीक्षणावर आहे. प्रशिक्षणार्थींना तासन्‌तास भिंतीशी बसवून नुसतं पाहायला लावतात. त्याच भिंतीशी आणखी दोन माणसं गप्प बसली तर पहिली पाच मिनिटं मुलं वळून बघतात, एखादं येऊन ‘तुमचं नाव काय’ विचारतं आणि मग आपापल्या कामाला लागतात. अर्ध्या तासानंतरही सगळा वर्ग पाहुण्यांकडेच बघत असेल, तर मुलांच्या हाताला काम नाही हे पालकाला कळतं. अडचण कदाचित तीच असावी.

पालकांनी आत बसून काय पाहावं, तेही इथेच सांगतो. एका वेळी किती मुलं वेगवेगळी कामं करताहेत? साधन मुलाने स्वतः फळीवरून उचललं की ताईने वाटलं, आणि काम झाल्यावर ते त्याच जागी परत गेलं का? ताईचा आवाज खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला किती वेळा गेला? पाणी सांडलं तेव्हा फडकं कोणी आणलं? एखादं मूल नुसतं उभं राहून दुसऱ्याचं काम बघत असेल तर त्याला कोणी हटकलं का? हटकू नये, तेही कामच आहे. आणि अडीच ते सहा वर्षांची मुलं एकाच खोलीत आहेत का, की प्ले ग्रुप, नर्सरी, ज्युनियर, सीनियर अशा चार खोल्या आणि चार फिया? धाकट्याने थोरल्याचं बघून शिकावं आणि थोरल्याने धाकट्याला दाखवता दाखवता स्वतःचं पक्कं करावं, यासाठी वयं मिसळलेली असतात. खोल्या वेगळ्या केल्या की ते सगळं ताईलाच करावं लागतं, आणि मग ती ओरडते.

दुसरी तक्रार साधनांची, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी. पालक आले की तुम्ही त्यांना काचेचं कपाट दाखवता. साधनं आत, कुलूप बाहेर, किल्ली ऑफिसात. साधनं मुलाच्या छातीपेक्षा उंच नसलेल्या उघड्या फळीवर असायला हवीत आणि प्रत्येक साधन एकच असावं, म्हणजे दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायला मूल आपोआप शिकतं. चाळीस मुलांच्या हातात एकाच वेळी तेच साधन दिसलं, तर तो तास चालला आहे असं समजावं.

गुलाबी मनोरा घ्या. दहा घन, सर्वांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १०. रंग सगळ्यांना एकच, कारण फरक फक्त आकारमानाचा राहिला तरच मुलाचं लक्ष तिथे जातं. बाजारातल्या रंगीबेरंगी मनोऱ्यात मूल ‘लालवर पिवळा’ असं लक्षात ठेवतं आणि मोठं-लहान बघायचं राहूनच जातं. साधन बरोबर आहे की नाही हे तपासायला पट्टीही लागत नाही. दहाही घन एकाच कोपऱ्याला जुळवून रचा. दोन बाजू भिंतीसारख्या सरळ येतील आणि उरलेल्या दोन बाजूंना पायऱ्या पडतील. मग सर्वांत वरचा, सर्वांत लहान घन उचला आणि एकेका पायरीवर ठेवत खाली या. तो प्रत्येक पायरीवर काठोकाठ मावला पाहिजे. कुठे बाहेर डोकावला किंवा कुठे पायरीवर जागा उरली, तर कापणारा चुकला आहे. हे पालकाला दोन मिनिटांत करता येतं आणि मुलांना तर हा खेळच आवडतो.

दट्ट्यांच्या ठोकळ्यांचं दुखणं खास आपल्या हवेचं आहे. लांबट ठोकळ्यात दहा भोकं आणि त्यांत बसणारे, डोक्यावर बोंडी असलेले दहा दट्टे, असे चार ठोकळे असतात. बोंडी धरायला तीन बोटं लागतात, पुढे पेन्सिल धरणारी तीच. एखादा दट्टा चुकीच्या भोकात गेला की शेवटी हातात एक उरतो आणि तो उरलेल्या भोकात बसत नाही. मूल थांबतं, बघतं, पुन्हा काढून लावतं. चुकलं म्हणून सांगायला कोणी लागत नाही.

आता कोकणातला जुलै आठवा. दमट हवेत लाकूड फुगतं. लांबीला जवळजवळ नाहीच, पण आडवं चांगलंच, म्हणून जाडे दट्टे आधी अडकतात. मूल बोंडी ओढतं आणि दट्ट्याबरोबर आख्खा ठोकळा वर येतो. मग कोणीतरी काचपेपर घेऊन दट्टा घासतं. दसरा उलटला, हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि घासलेला दट्टा भोकात खुळखुळायला लागतो. नेमका बसल्यावर बोटांना जे जाणवायचं ते जाणवेनासं होतं, आणि साधन होतं ते त्यासाठीच. उपाय महाग नाही. लाकूड नीट सुकवलेलं घ्या, पॉलिश भोकांच्या आतून आणि ठोकळ्याच्या तळालाही करा, साधनांची फळी ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे घ्या. अडकलेला दट्टा घासायचा नाही, ठोकळ्यासकट काही दिवस कोरड्या खोलीत ठेवायचा. खरखरीत अक्षरांनाही, म्हणजे पाटीवर काचपेपर चिकटवून केलेल्या, बोटाने गिरवायच्या अक्षरांनाही, पावसाळ्यात बुरशी धरते, डिंक सुटतो आणि कडा उचलल्या जातात. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून कडा बघून घ्या. उचललेल्या कडेवर बोट अडखळलं की अक्षराचं वळणच चुकीचं हातात बसतं.

रंगाबद्दलही थोडं. घरगुती वापराच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे आणि डब्यावर तसं छापलेलं असतं. पडवीत पडलेल्या जुन्या डब्यातला उरलेला रंग मुलांच्या साधनांना लावू नका. सावंतवाडीसारखं लाकडी खेळण्यांचं गाव आपल्या दाराशी असताना कुरियरने पातळ प्लायवुडचे संच मागवण्याची घाई का होते, हेही आम्हाला कळत नाही. मापं कागदावर काढून दिली तर इथला चांगला कारागीर हे काम करू शकतो.

आणि रोजच्या जीवनातल्या कामांना तर साधन विकत घ्यावंच लागत नाही. दोन छोटे तांबे आणि एक ट्रे, वाटाणे एका वाटीतून दुसरीत ओतणं, शेंगा सोलणं, आमसुलं आणि चिंचोके वेगळे करणं, बेताचा खराटा आणि जमिनीवर खडूने काढलेला एक गोल, केर त्या गोलात आणायचा. पाणी ओतण्याचा तांब्या एवढाच भरावा की सगळं सांडलं तरी मुलाच्या हातातलं फडकं ते टिपू शकेल. काठोकाठ भरलेला तांब्या दिला तर सांडणारच, मग ताई धावणार, आणि मूल एवढंच शिकणार की सांडलं की ताई येते. मणी आणि चिंचोके मात्र तोंडात घालायची सवय सुटलेल्या मुलालाच द्यायचे, तेही नजरेसमोर.

तिसरी तक्रार वेळेची. सकाळच्या अडीच तासांत प्रार्थना, राइम्स, डबा, डान्स आणि स्पोकन इंग्लिश. मधे ‘माँटेसरी अ‍ॅक्टिव्हिटी’ असा वीस मिनिटांचा तास आणि घंटा. या पद्धतीत सलग, न तोडलेला सुमारे तीन तासांचा वेळ लागतो आणि त्याला कारण आहे. मुलं आल्या आल्या हलकी, ओळखीची कामं उचलतात. तासाभराने वर्गात गलका वाढतो, मुलं इकडेतिकडे फिरतात आणि नवख्या ताईला वाटतं, दमली. माँटेसरींनी हे नेमकं टिपलं होतं आणि त्याला खोटा थकवा म्हटलं होतं. त्या वेळी ताईने हस्तक्षेप केला नाही तर थोड्या वेळाने तीच मुलं दिवसातलं सर्वांत अवघड काम हातात घेतात. तुमची डब्याची घंटा नेमकी त्या गलक्यात वाजते. अवघड कामापर्यंत मूल कधी पोचतच नाही, आणि मग तुम्हीच म्हणता की ही पद्धत आपल्याकडच्या मुलांना चालत नाही.

चौथी, भाषेची. माँटेसरी म्हणजे इंग्रजी माध्यम, हा समज तुम्ही पसरवला नसेल, पण खोडूनही काढलेला नाही. घरी ‘माका व्हया’ म्हणणाऱ्या मुलासमोर पहिल्या आठवड्यात ‘ए फॉर अ‍ॅपल’ ठेवलं जातं. नवीन शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतरचा २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्ही या वयात घरच्या भाषेचा आग्रह धरतात. पद्धतीतही अक्षराच्या नावाआधी ध्वनी येतो. ‘म’ ऐकू आला की ‘मासा, मडकं, मांजर’, आणि मग खरखरीत अक्षरावर तर्जनी आणि मधलं बोट, लिहायच्या वळणाने. मराठीत यात खाचखळगे आहेत आणि आयात केलेला संच ते सांगत नाही. चमच्यातला ‘च’ वेगळा, चिमणीतला वेगळा. जहाजातला ‘ज’ आणि जीभेतला ‘ज’ एक नाहीत. एका दिवशी दोन्ही पुढे आले तर मूल गोंधळतं. आधी एक उच्चार पक्का करायचा, दुसरा काही आठवड्यांनी आणायचा. स्वर एका रंगाच्या पाटीवर आणि व्यंजनं दुसऱ्या, म्हणजे मात्रा जोडताना कोण कोणाला जोडायचं ते दिसतं. सुरात म्हटलेल्या बाराखडीने यातलं काहीच साधत नाही. पालकांना ती ऐकायला गोड लागते, एवढंच.

नाव शिकवण्याचे तीन टप्पेही असेच आखूड केले जातात. ताईने आधी दाखवायचं: ‘हा मोठा, हा लहान.’ मग विचारायचं: ‘मोठा कुठला? तो माझ्या हातात दे. आता लहान चटईवर ठेव.’ हा मधला टप्पा सर्वांत लांब चालायला हवा, खेळत खेळत. तो पक्का झाला की मगच तिसरा: ‘हा कसा आहे?’ आमच्या पाहण्यात बहुतेक वर्गांत पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली जाते, मूल चुकतं, आणि ताई ‘नाही, नाही, सांग बघू’ म्हणते. मूळ रीत अशी की चुकलं तर काही न बोलता साधन आवरायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या टप्प्यापासून सुरू करायचं.

पाचवी, प्रमाणपत्रांची. ‘माँटेसरी प्रशिक्षित शिक्षिका’ असं तुम्ही छापता. कुठे, किती महिने, समोरासमोर की फक्त मोबाईलवर, निरीक्षण किती तास, मुलांबरोबर सराव किती तास, प्रत्येक साधन कसं मांडायचं याच्या वह्या स्वतः लिहिल्या का? यातलं काही छापत नाही. पूर्ण अभ्यासक्रम साधारण एका शैक्षणिक वर्षाचा असतो आणि त्यात प्रत्येक साधन स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा मांडून बघावं लागतं. पंधरा दिवसांच्या शिबिराचा कागद आणि हा, दोन्ही एकाच शब्दात मावतात, आणि त्यामुळे वर्षभर मेहनत केलेल्या ताईवर अन्याय होतो. तिचा पगारही त्या शिबिरवालीएवढाच असतो, हे वेगळं.

तुमची बाजूही आम्हाला दिसते. वही कोरी आली की पालक दारात उभे राहतात. पोराने ‘काहीच केलं नाही, नुसतं पाणी ओतलं’ असं घरी सांगितलं की फी परत मागतात. मुंबईच्या पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणून दाखवता आली पाहिजे, हा हट्ट आमच्यातल्याही काही घरांत आहे. पण पालकाला पाणी ओतण्यामागचं कारण कधी कोणी सांगितलंच नाही, तर त्याने दुसरं काय मागावं?

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. प्रवेश घेण्यापूर्वी प्रत्येक पालकाला वर्ग चालू असताना अर्धा तास बसू द्या. एका वेळी दोघे, खुर्ची बुटकी, भिंतीशी, मोबाईल बाहेर, फोटो नाही, मुलांशी आपणहून बोलायचं नाही. वेळ वर्ग सुरू झाल्यावर तासाभराने द्या, म्हणजे गलका आणि त्यानंतरचं काम दोन्ही दिसेल.

२. एक पानाचा खुलासा मराठीत लिहून दाराशी लावा: वयोगट मिसळलेले की वेगळे, सलग कामाचा वेळ किती, एका ताईमागे मुलं किती, बोलण्याची भाषा कुठली, प्रत्येक ताईचं प्रशिक्षण कुठे आणि किती काळाचं, कोणती साधनं आहेत आणि ती मुलांना रोज खुली आहेत का. शासनाकडची नोंदणी ही वेगळी बाब आहे, तिचा नंबर देऊन हे प्रश्न टाळू नका.

३. कपाटाची कुलपं काढा. सगळी साधनं एकदम जमत नसतील तर दहाच ठेवा, पण उघड्या फळीवर.

४. जिथे यातलं काहीच करता येणार नाही, तिथे पाटीवर सरळ ‘बालवाडी’ लिहा. चांगल्या बालवाडीची कोकणाला गरज आहे आणि त्या शब्दात कमीपणा नाही.

५. तीन वर्षांच्या मुलांना लेखी गृहपाठ देणं बंद करा, आणि का बंद केलं ते पालकांच्या पहिल्या सभेत सांगा. त्या सभेत बोलायला, दट्टे आणि घन घेऊन, आम्ही कोणतंही मानधन न घेता येऊ.

खुलासा जून उजाडण्याआधी दाराशी लागावा. ज्या संस्था तो लावतील, तिथे जाऊन पाहा असं आम्ही विचारणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगू. जिथे लागणार नाही त्यांच्याबद्दल आम्ही वाईट बोलणार नाही, पालकांना फक्त वरचे प्रश्न देऊ.

आपले,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले काही बालशिक्षक आणि पालक

ता. क. गुलाबी मनोरा सुताराकडून करून घेणार असाल तर एका फळीवर आधी सगळ्या खुणा मारून कापायला देऊ नका. करवतीचं पातं प्रत्येक कापाला दोन-तीन मिलिमीटर खातं आणि सर्वांत लहान घन त्यातच संपतो. प्रत्येक घन किंचित मोठा कापायचा आणि मग घासत घासत मापावर आणायचा. सुरुवात १ सेंटिमीटरच्या घनापासून करा, तो बरोबर आला की बाकीचे नऊ त्याच्यावरच तपासता येतात.